जिम उघडायची, पण कुणाला विचारून?

मॅनहॅटनच्या ऑफिसपट्ट्यात २०२१ सालापर्यंत बँक थाटायला झोनिंगची वेगळी परवानगी लागत नव्हती. चपलांच्या दुकानाला लागत नव्हती, न्हाव्याच्या दुकानाला नाही, खानावळीलाही नाही. जिम उघडायची म्हटलं की मात्र पाच सदस्यांच्या मंडळापुढे सुनावणी व्हायची. त्याआधी भागातल्या कम्युनिटी बोर्डाकडे कागद जायचे, परिसरावर काय परिणाम होईल याचं निवेदन भरावं लागायचं आणि मालकाच्या पूर्वेतिहासाची चौकशी व्हायची. चौकशी करणारं खातं कोणतं, तर पालिकेतला भ्रष्टाचार हुडकून काढणारं. एवढं सगळं पार पडल्यावर हातात पडणारा परवाना जास्तीत जास्त दहा वर्षांचा. दहा वर्षांनी पुन्हा अर्ज आणि पुन्हा हेलपाटे.

घाम गाळायला येणाऱ्या माणसांची एखाद्या शहराला एवढी धास्ती का वाटावी? हा प्रश्न घेऊन न्यूयॉर्कपासून लंडन, दिल्ली, मुंबईपर्यंतचे नियम चाळले की एक गोष्ट ध्यानात येते. अर्जावर नाव जिमचं असतं, पण टेबलापलीकडच्या माणसाच्या मनात दुसरंच काही असतं. कुठे मसाज पार्लर, कुठे पार्किंग, कुठे बुडणारा विक्रीकर, तर कुठे वरच्या मजल्यावरून येणारा धडामधूम आवाज. यातल्या काही शंका रास्त आहेत, काही कधीच्याच कालबाह्य झाल्या आहेत. दोन्हींना एकाच चाळणीतून काढायचं ठरवलं की काय होतं, याचं न्यूयॉर्कइतकं सविस्तर उदाहरण दुसरीकडे सापडणं कठीण. म्हणून आधी तिथलाच मामला नीट पाहू.

शहराचे वापरानुसार तुकडे पाडण्याची अमेरिकेतली पहिली सर्वंकष नियमावली न्यूयॉर्कनेच केली, १९१६ साली. आदल्या वर्षी १२० ब्रॉडवे या पत्त्यावर उभ्या राहिलेल्या इक्विटेबल बिल्डिंगने आसपासच्या रस्त्यांचं ऊन खाऊन टाकलं होतं. तिकडे फिफ्थ अव्हेन्यूवरच्या श्रीमंत दुकानदारांना कपडे शिवणाऱ्या कारखान्यांचे मजूर आपल्या दुकानांसमोर नको होते. म्हणजे जन्मापासूनच या शास्त्रात दोन प्रवाह आहेत. एक ऊन, वारा, उंची अशा मोजता येणाऱ्या गोष्टींचा, आणि दुसरा ‘आमच्या गल्लीत ही माणसं नकोत’ या भावनेचा. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगवर शिक्कामोर्तब केलं आणि दोन्ही प्रवाह कायद्याच्या एकाच पात्रात वाहू लागले.

न्यूयॉर्कने १९६१ मध्ये नियमावली नव्याने लिहिली. सगळे वापर अठरा गटांत बसवले आणि कोणत्या विभागात कोणता गट चालेल याचे तक्ते केले. त्या काळी जिम म्हणजे मुष्टियोद्ध्यांची सराव करायची जागा, नाहीतर शाळा-कॉलेजातली व्यायामशाळा. ऑफिस सुटल्यावर कारकुनापासून साहेबापर्यंत सगळे पट्ट्यावर पळायला जातील आणि त्यासाठी महिन्याचे पैसे मोजतील, हे तक्ते करणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

मग आलं सत्तरचं दशक. शहराच्या तिजोरीत खडखडाट, टाइम्स स्क्वेअरच्या परिसरात अश्लील चित्रपटांची थिएटरं आणि जागोजागी मसाज पार्लरं. यांतल्या कित्येकांच्या पाटीवर ‘हेल्थ क्लब’ असंच लिहिलेलं असायचं. आत काय चालतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण वेश्याव्यवसायाचा गुन्हा प्रत्येक वेळी कोर्टात सिद्ध करणं पोलिसांना जड जाई. १९७६ मध्ये महापौर बीम यांच्या कारकिर्दीत मिडटाउनसाठी खास अंमलबजावणी कार्यालय उघडलं गेलं आणि त्याने वेगळी वाट धरली. फौजदारी कायद्याने हाती लागत नसेल तर जागेच्या कायद्याने धरायचं. बांधकामाचे, अग्निसुरक्षेचे, जागेच्या वापराचे नियम काढायचे आणि टाळं ठोकायचं. दशकाच्या अखेरीस झोनिंगमध्येही त्याच अंगाने दुरुस्ती झाली.

दुरुस्ती अशी की, विरुद्धलिंगी व्यक्तीकडून मसाज, अंगमर्दन, स्नान वगैरे सेवा देणारी ‘प्रौढांसाठीची’ आस्थापनं शहरभर बंद. उरलेल्या सभ्य आस्थापनांना ‘फिजिकल कल्चर एस्टॅब्लिशमेंट’ असं भारदस्त नाव मिळालं आणि त्यांना बोर्ड ऑफ स्टँडर्ड्स अँड अपील्सचा खास परवाना सक्तीचा झाला. यातली मेख व्याख्येत आहे. व्यायामाने किंवा मसाजने माणसाच्या शारीरिक अवस्थेत सुधारणा किंवा बदल करणारं शिक्षण, सेवा किंवा उपक्रम जिथे चालतो अशी कोणतीही जागा, अशी ती व्याख्या. मसाजवाल्यांना धरायला विणलेल्या या जाळ्यात कराटे शिकवणारे आले, एरोबिक्सवाले आले, पोहण्याचे तलाव आले. व्याख्या शब्दशः वाचली तर औंधच्या पंतप्रतिनिधींनी जगभर नेलेला सूर्यनमस्कारही त्यात येतो. नशीब, त्यांना मिडटाउनमध्ये वर्ग काढायचा नव्हता.

परवाना कोणाला द्यायचा याचे निकष कलम ७३-३६ मध्ये होते. आसपासच्या भागाच्या मूळ स्वरूपाला आणि भावी विकासाला बाधा येता कामा नये, ही पहिली अट. दुसरी अट अशी की पुढीलपैकी किमान एक गोष्ट तिथे हवीच: बास्केटबॉल, हँडबॉल, स्क्वॉश किंवा टेनिसचं नियमित मापाचं मैदान, किमान १,५०० चौरस फुटांचा पोहण्याचा तलाव, शरीरसौष्ठव, वजन घटवणं, एरोबिक्स किंवा मार्शल आर्ट्स यांचे वर्ग, किंवा राज्याचा परवाना असलेल्या मसाजतज्ज्ञाची सोय. ही यादी म्हणजे ‘तुम्ही खरोखर जिमच आहात याचा पुरावा द्या’ असं अदबीने विचारणं होतं. शिवाय हा परवाना सरसकट सगळीकडे मिळतच नसे. मोठ्या व्यापारी आणि औद्योगिक विभागांत मिळे. घरांच्या खालच्या किराणा-लाँड्रीच्या छोट्या बाजाररस्त्यांवर, म्हणजे बहुतेक सी-१ विभागांत, जिम चालतच नव्हती. तिथे ती हवी असेल तर नियमातून खास सूट मागायची आणि त्यासाठी आपल्या भूखंडावर काहीतरी आगळी अडचण आहे हे शाबीत करायचं.

मंडळाचे या विषयावरचे निकाल एकापाठोपाठ एक वाचले की त्यांतला साचा पाठ होतो. आधी भूखंडाचं वर्णन: अमुक रस्ता, अमुक फूट रुंदीचा दर्शनी भाग, अमुक मजल्यांची इमारत, तिच्या तळघरात आणि पहिल्या मजल्यावर मिळून इतके चौरस फूट. मग कामाची वेळ, बहुतेकदा पहाटे पाच-साडेपाचपासून रात्री दहा-अकरापर्यंत. मग मालकाच्या चौकशीत आक्षेपार्ह काही आढळलं नाही, हे एक वाक्य. आणि शेवटी अटी. मंडळाच्या आगाऊ मंजुरीशिवाय मालकी किंवा व्यवस्थापन बदलायचं नाही. बाहेर पडण्याच्या वाटा किमान तीन फूट रुंद आणि मोकळ्या राहिल्या पाहिजेत, व्यायामाच्या यंत्रांचाही अडथळा तिथे होता कामा नये. धूरशोधक, बाहेर जाण्याच्या प्रत्येक दाराशी हाताने ओढायचा गजर, डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल अशी धोक्याची सूचना, आणि हे सगळं मध्यवर्ती केंद्राशी जोडलेलं. अपंगांना ये-जा करता आली पाहिजे. आवाज रोखण्याची व्यवस्था मंजूर नकाशाप्रमाणे. आणि या साऱ्या अटी इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्रावर छापल्या गेल्या पाहिजेत.

याच निकालांत आणखी एक वाक्य वारंवार भेटतं. जिम परवान्याशिवाय आधीच सुरू झाली होती, सबब जितका काळ ती विनापरवाना चालली तितका काळ दहा वर्षांतून वजा करण्यात येत आहे. किती जिमवाले थांबण्यापेक्षा आधी दार उघडून मग अर्ज करत होते, हे त्या एका वाक्यावरून कळतं. आणि मंडळाचा हा हिशेबी शहाणपणा पाहून गंमतही वाटते. टाळं न लावता मुदत कापायची. कायद्याचाही मान राहतो आणि धंदाही चालू राहतो.

पण थांबणं परवडणार तरी कुणाला? २०२१ मध्ये नियम बदलताना शहराने स्वतःच सांगितलं की या प्रक्रियेत सहा महिने किंवा अधिक काळ जातो आणि खर्च ५०,००० डॉलरपर्यंत पोचतो. वकील, वास्तुरचनाकार, आवाजाचा सल्लागार, अर्जाची फी असा तो खर्च. त्यात रिकाम्या जागेचं भाडं धरलेलं नाही. मॅनहॅटनमध्ये सहा महिन्यांचं भाडं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. शेकडो शाखा असलेल्या साखळीला हे सगळं झेपतं. तिचा वकील ठरलेला, साच्यातला अर्ज तयार आणि घरमालकाकडून सुरुवातीचे महिने बिनभाड्याचे मिळवायची ताकदही तिच्याजवळ असते. मरण येतं ते दोन खोल्यांत पिलाटीज शिकवणाऱ्या बाईचं. वाईट प्रवृत्तीच्या माणसांना रोखायला केलेल्या नियमाने चांगल्यांतल्या गरिबांना रोखलं, हा प्रकार परवानाराजात वाढलेल्या आपल्या पिढ्यांना नवा नाही.

याहून मजेची गोष्ट पोटवापराची. एखाद्या आलिशान इमारतीने फक्त आपल्या रहिवाशांसाठी किंवा ऑफिसातल्या भाडेकरूंसाठी जिम ठेवली तर ती मुख्य वापराला पूरक समजली जाई आणि खास परवान्याची गरज उरत नसे. तेच पट्टे, तेवढीच वजनं, तितकाच घाम. फरक इतकाच, की रस्त्यावरचा माणूस आत येऊ शकत नाही.

दरम्यान शहर पार बदलून गेलं. १९९५ मध्ये महापौर जुलियानींच्या काळात अश्लील व्यवसायांसाठी वेगळे, थेट झोनिंग नियम आले. ४२ व्या रस्त्याचं पुनर्वसन झालं, जिथे मसाज पार्लरं होती तिथे डिस्नेची नाटकं लागली. नव्वदीत साखळी जिम फोफावल्या, २००६ मध्ये अपर वेस्ट साइडला पहिला सोलसायकल स्टुडिओ निघाला आणि एकाच प्रकारचा व्यायाम शिकवणाऱ्या छोट्या स्टुडिओंची लाट आली. ज्या भीतीतून नियम जन्मला ती भीती कधीच इतिहासजमा झाली होती, नियम मात्र ठणठणीत होता. मंडळाच्या कामाचा मोठा हिस्सा जिमच्या अर्जांनी आणि मुदतवाढींनी व्यापलेला असायचा.

शेवटी धक्का दिला तो महासाथीने. मार्च २०२० मध्ये शहरातल्या जिम बंद झाल्या, सप्टेंबरात मर्यादित संख्येने उघडल्या आणि बंदिस्त जागेतले सामूहिक वर्ग तर थेट मार्च २०२१ पर्यंत बंद राहिले. असंख्य स्टुडिओ कायमचे मिटले. रस्त्यारस्त्यांवर ‘भाड्याने देणे’ च्या पाट्या लागल्या असताना जो धंदा जागा घ्यायला तयार आहे त्यालाच सहा महिने रांगेत उभं करणं कुणालाही समर्थनीय वाटेना. ९ डिसेंबर २०२१ रोजी सिटी कौन्सिलने खास परवान्याची सक्ती उठवली. व्यापारी आणि औद्योगिक विभागांत जिम इतर धंद्यांसारखी हक्काने चालू शकेल, असा नवा नियम झाला. वस्तीलगतच्या बाजाररस्त्यांची दारंही उघडली, तिथे आकारावर लगाम ठेवून. पुढे जून २०२४ मध्ये मंजूर झालेल्या मोठ्या दुरुस्तीत १९६१ चे अठरा गटच मोडीत निघाले आणि त्यांच्या जागी दहा आले.

इथवर वाचून कुणाला वाटेल की नियम गेला, प्रश्न सुटला. माझं मत थोडं वेगळं आहे. परवान्याची सुनावणी ही मसाजच्या भीतीतून जन्मली असली तरी चाळीस वर्षांत ती आणखी एक काम नकळत करू लागली होती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला, शेजारच्या ऑफिसवाल्याला, जिम सुरू होण्याआधी तोंड उघडायची ती एक जागा होती. निकालांतल्या अटींमध्ये मालकाचं चारित्र्य एका वाक्यात आटपतं आणि आवाज, वाटा, वेळा यांवर परिच्छेद खर्च होतात, ते यामुळेच. नव्या नियमात इमारतीत घरं असतील तर आवाज-कंपनाच्या अटी आल्या, हे त्या जुन्या सुनावण्यांतलंच शहाणपण.

कंपनाचा मुद्दा हलक्यात घेण्यासारखा नाही. शंभर किलोंचा बार अर्ध्या मीटरवरून सोडला तर जमिनीवर सुमारे ४९० ज्यूल ऊर्जा आदळते, तीही क्षणार्धात. संगीताचा आवाज हवेतून जातो आणि भिंत जाड केली की बराच अडतो. आदळणाऱ्या वजनाचा धक्का काँक्रीटमधून जातो. तो स्लॅब, बीम, कॉलम असा प्रवास करत तीन मजले वर कुणाच्या तरी पलंगापाशी पोचतो. रबराच्या जाड लाद्यांनी खणखण कमी होते, पण खोल आवाजाचा धपका पूर्ण मरत नाही. त्यासाठी स्प्रिंगांवर तरंगता दुसरा स्लॅब घालावा लागतो. तो महाग असतो, आधीच बुटक्या मजल्याची उंची खातो, आणि एकदा यंत्रं मांडून झाल्यावर घालता येत नाही. म्हणून हा विचार आधी व्हावा लागतो. तक्रार आल्यावर करू म्हणणाऱ्याला आख्खी जिम उचलावी लागते.

दुसरा प्रकार तालाचा. वीस-पंचवीस माणसं एकाच ठेक्यावर उड्या मारू लागली की मिनिटाला दीडशेच्या आसपास ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला अडीचच्या आगेमागे. इमारतीच्या मजल्याची किंवा आख्ख्या इमारतीची स्वतःची कंपनसंख्या त्याच्याशी किंवा त्याच्या पटीशी जुळली तर झोपाळ्याला वेळेवर धक्का द्यावा तसा प्रत्येक ठोका आधीच्यात भर घालत जातो. ५ जुलै २०११ रोजी सोलमधल्या टेक्नोमार्ट या ३९ मजली इमारतीचे वरचे मजले जवळपास दहा मिनिटं हलत राहिले. भूकंप झालेला नव्हता. शेकडो माणसं घाबरून खाली आली, इमारत रिकामी करण्यात आली. तज्ज्ञांनी शोध घेतला तेव्हा बोट गेलं बाराव्या मजल्यावरच्या जिमकडे. तिथे मूठभर माणसांचा ताए-बोचा वर्ग नेहमीपेक्षा जोरात चालू होता. पुढे तसाच वर्ग मुद्दाम भरवून खात्री करून घेतली गेली. ऑफिसच्या बहुमजली इमारतीत जिम कुठे ठेवायची याची चर्चा करणाऱ्या प्रत्येक समितीपुढे हा अहवाल असावा. त्यात झोनिंगच्या कोणत्याच तक्त्याचा भंग झाला नव्हता.

ऑफिससाठी बांधलेली जागा जिमसाठी जशीच्या तशी चालत नाही, याचं कारण मुळात भारातही आहे. अमेरिकेच्या मानकात ऑफिसचा मजला चौरस फुटाला ५० पौंड चल भार धरून आखतात. जिमसाठी तोच आकडा १०० पौंड, म्हणजे दुप्पट. माणसांची गर्दीही दाट धरली जाते, त्यामुळे जिने, दारं, स्वच्छतागृहं यांचा हिशेब बदलतो आणि मोठी जिम ऑफिसच्या वर्गातून निघून सभागृहाच्या वर्गात जाते. नवं भोगवटा प्रमाणपत्र लागतं. हे सगळं बांधकाम नियमांचं क्षेत्र, झोनिंगचं नाही. व्यवहारात घोडं अडतं ते इथेच: जागा भाड्याने घेणारा दलालाला विचारतो, ‘इथे जिम चालते ना?’ दलाल झोनिंगचा नकाशा पाहून ‘चालते’ म्हणतो. करार होतो, अनामत जाते आणि मग अभियंता मजल्याखाली टॉर्च मारून मान हलवतो.

मॅनहॅटनच्या बाहेर, अमेरिकेतल्या छोट्या शहरांत, चित्र वेगळं आहे. तिथल्या नियोजन समित्यांपुढे जिमचा अर्ज येतो तो ‘सशर्त वापर’ म्हणून, आणि चर्चा मुख्यतः गाड्या लावायच्या जागेभोवती फिरते. या चर्चेत बऱ्याचदा तर्काचा पत्ता नसतो. ऑफिसच्या गाड्या नऊ ते पाच, जिमच्या सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. एकच पार्किंग दोघांना पुरावं. पण नियम प्रत्येक वापराला चौरस फुटांमागे स्वतंत्र जागा मागतात, आणि बेरीज करणारा घड्याळ पाहत नाही. मुख्य रस्त्यावरच्या दर्शनी गाळ्यांबद्दलचा आक्षेप मात्र मला पटतो. काचेला आतून अपारदर्शक फिल्म लावलेली, दार बंद असलेली शंभर फुटी जिम खरेदीच्या रस्त्यावर चालणाऱ्याची साखळी तोडते. त्याला उपाय दर्शनी पट्टा उघडा ठेवायला लावणं किंवा जिम पहिल्या मजल्यावर पाठवणं. काही शहरं तेच करतात.

कॅलिफोर्नियात आणखी एक कारण असतं, ते अर्जावर कुणी लिहीत नाही. १९७८ च्या प्रस्ताव १३ ने मालमत्ता कराला वेसण घातली, तेव्हापासून तिथली शहरं विक्रीकराच्या वाट्यावर डोळा ठेवून असतात. जिमच्या वर्गणीवर तिथे विक्रीकर लागत नाही. म्हणजे बाजारातल्या मोठ्या गाळ्यात कपड्यांचं दुकान आलं तर पालिकेला दरमहा काही मिळतं, जिम आली तर नाही. मग ‘हा भाग किरकोळ विक्रीसाठी राखीव ठेवणं हितावह आहे’ असा शेरा उमटतो. उलट न्यूयॉर्क शहर हेल्थ क्लबच्या शुल्कावर आपला ४.५ टक्के कर घेतं. तिथे निदान हा लोभ आड येत नाही. ऑनलाइन खरेदीने दुकानंच ओस पडल्यावर कॅलिफोर्नियातल्या शेऱ्यांतलाही कडकपणा ओसरला. रिकाम्या गाळ्यापेक्षा जिम बरी, निदान माणसं येतात आणि जाताना कॉफी पितात.

इंग्लंडने सगळ्यांत मोठी उडी घेतली. १९८७ च्या वापरवर्ग आदेशात जिम ‘डी-२’ या सभा-मनोरंजनाच्या वर्गात होती, सिनेमा आणि स्केटिंग रिंक यांच्या पंगतीला. दुकान ‘ए-१’ मध्ये. एका वर्गातून दुसऱ्यात जायचं तर बहुतेक वेळा नियोजन परवानगी हवी. १ सप्टेंबर २०२० पासून दुकान, ऑफिस, बँक, उपाहारगृह, दवाखाना, पाळणाघर आणि बंदिस्त जिम हे सगळे एकाच ‘ई’ वर्गात घालण्यात आले. एकाच वर्गातली अदलाबदल कायद्याच्या लेखी विकासच नाही, त्यामुळे विचारायचं कारणच उरलं नाही. एका फटक्यात इतकी मोकळीक देण्याला स्थानिक परिषदांनी नाकं मुरडली, आणि त्यांची एक तक्रार खरी आहे: परवानगी मागायला कुणी येतच नसेल तर वेळेची किंवा आवाजाची अट घालायची कुठे? आता उपद्रव सुरू झाल्यावर पर्यावरण-आरोग्य खात्याने दार ठोठावायचं. वर स्प्रिंगांबद्दल सांगितलं ते इथे आठवावं.

आपल्याकडे प्रश्न उलट्या बाजूने येतो. पाश्चात्य शहरात जिमला ऑफिसपट्ट्यात शिरायचं असतं. भारतात ती आधी घरांच्या वस्तीत शिरते, मग कायदा मागून धापा टाकत येतो. दिल्लीत फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवासी भागांतले बेकायदा व्यवसाय सील करण्याचा आदेश दिला आणि शहरभर टाळी लागली. पुढच्या वर्षी, ७ फेब्रुवारी २००७ रोजी अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या बृहद् आराखड्यात फिटनेस सेंटरांना पूर्व-प्राथमिक शाळा, नर्सिंग होम, कोचिंग क्लास यांच्याबरोबर निवासी भूखंडांवर ‘इतर वापर’ म्हणून सशर्त जागा मिळाली. रस्त्याच्या रुंदीची अट, शुल्क वगैरे. आधी वस्तुस्थिती, मग नियम, असा आपला क्रम.

मुंबईत तर जिमला नियमावलीतच एक खास कोपरा आहे. गृहसंस्थेच्या इमारतीत रहिवाशांसाठी फिटनेस सेंटर किंवा योगालय करायला एकूण बांधकामाच्या दोन टक्क्यांपर्यंत जागा एफएसआयमध्ये (चटईक्षेत्र निर्देशांकात) न मोजता देण्याची सोय आहे. अट ही, की तिचा वापर फक्त संस्थेच्या सभासदांनी करायचा. न्यूयॉर्कच्या पोटवापराचाच हा मुंबईकर अवतार: रहिवाशांची जिम सद्गुणी, बाहेरच्यांची संशयित. बिल्डरच्या माहितीपत्रकात ती फोटोसह झळकते. ताबा मिळाल्यावर काही ठिकाणी तीच जागा बाहेरच्या चालकाला मासिक भाड्याने जाते, आणि संस्थेच्या वार्षिक सभेत आवाज चढतात.

व्यापारी भागातल्या जिमला मुंबईत झोनिंगची आडकाठी फारशी नाही. प्रश्न मंजूर नकाशातल्या वापराचा येतो. गाळा गोदाम म्हणून मंजूर असेल, तळघर पार्किंग म्हणून मंजूर असेल आणि तिथे जिम थाटली, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे वापरातला असा ठळक बदलही विकासच ठरतो. परवानगी न घेतल्यास कलम ५३ ची नोटीस येऊ शकते. वांद्रे-कुर्ला संकुलात हे काम पालिकेऐवजी एमएमआरडीएकडे, कारण तिथलं नियोजन प्राधिकरण तेच. मग दुकाने व आस्थापना कायद्याची नोंदणी, जिला अजूनही सगळे गुमास्ताच म्हणतात, आणि अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र. या साखळीत शेजाऱ्याला बोलावून विचारणारं कुणी नाही. त्याने तक्रार करायची ती नंतर, वॉर्ड ऑफिसात.

लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात ऑफिसं, पब, स्टुडिओ, जिम एकमेकांना चिकटून वाढले. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारात आग लागली, १४ माणसं गेली, आणि मगच गच्चीवरच्या शेड आणि अडवलेल्या वाटा पाडायला पालिकेचे हातोडे निघाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरतेतल्या एका व्यापारी संकुलातल्या जिम-स्पाला आग लागली आणि दोन तरुणींचा गुदमरून मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी झोनिंगच्या रंगीत नकाशाने काही वाचलं नसतं. न्यूयॉर्कच्या त्या कंटाळवाण्या निकालांतली एक ओळ, यंत्रांनीसुद्धा न अडवलेली तीन फुटांची वाट, तिने कदाचित वाचलं असतं.

पुण्याच्या पेठांतल्या आणि कोल्हापुरातल्या जुन्या तालमींना हे कोडं कधी पडलंच नाही. तळमजला, खाली तांबडी माती, पहाटेचा जोर आणि संध्याकाळची लढत. धक्का जमिनीतच जिरायचा, आणि वर कुणी राहत असलाच तर तो तालमीतलाच पैलवान. वजनं पाचव्या मजल्यावर गेली, खाली ऑफिसं आणि वर घरं आली, तेव्हापासून शेजारी नावाचा पक्षकार निर्माण झाला. पुणे, नाशिक, नागपूरसह राज्याच्या बहुतांश भागाला २०२० च्या अखेरीपासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. जिम कुठे चालेल हे अशा नियमावलीत सापडतं. पाचव्या मजल्यावरच्या स्लॅबवर शंभर किलो किती वेळा आपटायचे याचं उत्तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या दाखल्यात शोधावं लागतं, आणि तो दाखला भाडेकरार करण्याआधी मागणारा जिमवाला क्वचितच असतो.